सी मध्ये काही ठेवू नये

कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर जे गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके येतात, त्यांची मला किळस आहे. शब्द जपून वापरते आहे. राग नाही, कंटाळा नाही, किळस. बेसिनच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बोटांनी ओढून काढताना जे वाटतं, ते मला त्या ठिपक्यांकडे पाहून वाटतं. ते फिरतात, थांबतात, आता झालं म्हणून आपण खुर्ची पुढे ओढावी तर परत फिरायला लागतात. खाली लिहिलेलं असतं, कृपया थांबा. थांबलेच आहे की मी. दुसरं काय करते आहे?

मी स्वभावाने चिडकी आहे, हे घरातल्यांनी कधीच मान्य करून टाकलं आहे. पण या कॉम्प्युटरने मला जेवढा वीट आणला तेवढा माणसांनीही आणलेला नाही, आणि माणसांच्या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. मी नाशिकच्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. दिवसभर दाखले, बोनाफाइड आणि 'मॅडम, आजच पाहिजे' म्हणणारे पालक. नवरा फिरतीच्या नोकरीत, मुलगा बंगळुरूला. घरात मी आणि माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. वय एक्क्याऐंशी, ऐकायला जरा कमी येतं, बाकी ठणठणीत.

कॉम्प्युटर माझा असला तरी वापरतात अण्णाच. ते प्राथमिक शिक्षक होते. सगळी नोकरी सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरातल्या शाळांवर केली. तिकडे भात निघाला की माणसं कामाला खाली उतरायची. कोणी निफाडकडे द्राक्षबागांवर, कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर. आईबापांबरोबर पोरंही जायची. बरेच दिवस मूल आलं नाही की शिक्षकाला हजेरीपटावरून त्याचं नाव कमी करावं लागायचं. नावावर लाल शाईने आडवी रेघ, पुढे तारीख आणि कारण. अण्णांनी चौतीस वर्षांत अशा पुष्कळ रेघा मारल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की ज्यांची नावं आपण कमी केली त्या एकेका मुलाला शोधायचं आणि तू कुठे आहेस, कसा आहेस, एवढं विचारायचं.

तेव्हापासून त्यांचं हेच चालू आहे. एकाकडून दुसऱ्याचा नंबर मिळतो, दुसऱ्याकडून तिसऱ्याच्या मेव्हण्याचा. ती मुलं आता कोणी चाळिशीची, कोणी साठी ओलांडलेली. डोंगरातल्या गावांत रेंज धड नसते. 'गुरुजी, सकाळी साडेसातला मी टाकीपाशी जाऊन उभा राहीन, तेव्हा लावा,' असं माणूस सांगतो आणि खरोखर जाऊन उभा राहतो. आठ वाजले की त्याला कामावर जायचं असतं. म्हणून अण्णांना सातच्या सुमाराला कॉम्प्युटर सुरू झालेला लागतो. नंबर, नाव, गाव, आधी काय बोलणं झालं, सगळं त्या यादीत. त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन आहे आणि त्यात नंबर साठवायला त्यांना काही केल्या जमत नाही.

ही यादी आधी वह्यांमध्ये होती. नोकरीत असताना अण्णा दरवर्षी शाळेच्या पटावरून स्वतःसाठी एक वही उतरवून घ्यायचे, रेघांसकट. त्या वह्यांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या माझ्या पलंगाखाली होत्या. त्यांत झुरळं व्हायची. मी अण्णांना मराठीत टाइप करायला शिकवलं, त्यांनी दोन वर्षं एका बोटाने सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवलं, आणि उतरवून झाल्याच्या आठवड्यातच मी वह्या रद्दीत दिल्या. आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं, मग कागद कशाला, असं मी म्हटलं होतं. ते 'बरं' म्हणाले आणि पेट्या उचलायला मला हात लावला.

मीसुद्धा त्यांच्याच एका शाळेत होते, तिसरीच्या अर्ध्यापर्यंत. मग आईने मला नाशिकला मामाकडे आणलं, चांगल्या शाळेसाठी. अण्णा तिकडेच राहिले. शनिवारी दुपारच्या एसटीने यायचे आणि रविवारी जेवून परत जायचे. तिसरीतल्या मुलीला कोणी विचारत नाही, मलाही विचारलं नव्हतं. आमच्या घरात हा विषय निघत नाही.

तर कॉम्प्युटर. तो घेतला तेव्हा मेकॅनिकने एक नियम सांगितला होता. आपल्याकडे कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकाला तो सांगितला जातो आणि आपण तो पुढच्याला सांगतो. आत सामान ठेवायला दोन कप्पे असतात, सी आणि डी. सी मध्ये कॉम्प्युटरचं स्वतःचं बिऱ्हाड. काही बिघडलं की मेकॅनिक फॉरमॅट मारतो, तेव्हा सी पुसला जातो आणि डी राहतो. म्हणून आपलं काही सी मध्ये ठेवायचं नाही. मी कार्यालयात राहून राहून कार्यालयाच्याच भाषेत विचार करते. एका पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सी मध्ये काही ठेवू नये. सर्व डी मध्ये ठेवावे.' आणि ती मॉनिटरच्या खाली चिकटवली. अण्णा हाडाचे सरकारी नोकर. लेखी आदेश मिळाला म्हणजे विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी मशीन फारच रेंगाळायला लागलं तेव्हा त्याच मेकॅनिककडून नवी एसएसडी बसवून घेतली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, हिच्यात फिरणारं काही नाही, म्हणून चटकन सुरू होते, असं त्याने समजावलं आणि ते खरं निघालं. बटण दाबलं की गॅस पेटवायच्या आत मशीन तयार. एक वर्ष सुखात गेलं. मग ठिपके परत आले.

पहिल्यांदा कुकरच्या एका शिट्टीपर्यंत फिरायचे. मग दोन. दिवाळीनंतर पाच शिट्ट्या होऊन डाळ शिजून कुकर गार व्हायला आला तरी ते फिरत असायचे. अण्णा बटण दाबून पडद्यासमोर बसायचे, दोन्ही हात मांडीवर, वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखे. मी आतून विचारायचे, झालं का सुरू? ते म्हणायचे, होतंय. मी परत विचारायचे. ते परत तेच सांगायचे. त्यांच्या त्या शांतपणाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा एक माणूस टाकीपाशी तासभर उभा राहिला. थंडीचे दिवस, तिकडची थंडी, आणि इकडे आमचे ठिपके. शेवटी त्यानेच फोन लावला.

"गुरुजी, बरं हाय ना? नाय आला फोन, म्हटलं काय झालं."

अण्णांनी त्याला चारचार वेळा सांगितलं की बाबा, चूक माझी आहे. त्या माणसाची कामाची गाडी निघून गेली होती. दिवसाचा खाडा झाला. दुपारी अण्णा नीट जेवले नाहीत.

"आदल्या दिवशी नंबर कागदावर लिहून ठेवत जा ना," मी म्हणाले.

"कागद कशाला, असं तूच म्हणाली होतीस ताई."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मग मी स्वतः कामाला लागले. मुलाने फोनवर सांगितलं, मशीन सुरू होताना त्याच्याबरोबर काय काय सुरू होतं त्याची यादी बघ. बघितली. मी तोंडावर हात ठेवून बसले. घर आपलं, आणि आत कोण कोण पथारी टाकून बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचा कोणी मदतनीस. गाणी वाजवणारं काहीतरी. बातम्या दाखवणारं काहीतरी. न मागता भविष्य सांगणारं काहीतरी. व्हायरस पकडणारे दोन, आणि ते दोघं बहुतेक एकमेकांनाच पकडत बसलेले. सगळ्यांना बंद केलं, जे काढता आलं ते मुळासकट काढलं. मशीन बंद करून परत सुरू केलं. पाच शिट्ट्या.

मग व्हिडिओ पाहिले. एकाने सांगितलं, लवकर सुरू होण्याची जी सोय असते तीच बंद करा. केली. दुसऱ्याने सांगितलं, ती कधीही बंद करू नका. चालू केली. तिसऱ्याने साचलेल्या फायलींचा कचरा कुठे असतो ते दाखवलं. तो उपसला. अपडेट राहिले होते म्हणून ते घेतले, त्यात एक अख्खा रविवार गेला. नवी डिस्क भरली आहे का तेही पाहिलं. सी जवळजवळ रिकामा होता. का नसणार? मीच तर काही ठेवू दिलं नव्हतं. आणि प्रत्येक उपायानंतर मी स्वयंपाकघरात जाऊन शिट्ट्या मोजत होते. बावन्न वर्षांची बाई, हातात झारा, आणि लक्ष शिट्ट्यांकडे. मला माझीच शिसारी आली.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस साधारण माझ्याच वयाचा. एम.जी. रोडच्या बाजूला एका जिन्यावर त्याचं दुकान आहे. तळहातावर तंबाखू मळत तो दारात उभा राहतो, चुटकी ओठात सरकवतो आणि तेच बोट कीबोर्डवर ठेवतो. तो गेल्यावर मी कीबोर्ड डेटॉलने पुसते. त्याचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज.

"मॅडम, विंडोज मारावी लागंल."

मारली. पुसलेल्या सी वर सगळं नव्याने बसवलं. पाच शिट्ट्या. तो परत आला. मला कोणावर तरी ठपका ठेवायचाच होता, मग मी अण्णांकडे हात करून म्हणाले, "हे काहीही दाबतात. पडद्यावर काही आलं की हो म्हणतात. मागच्या वेळी कसला कसला कचरा निघाला ते विचारा."

अण्णा तिथेच खुर्चीत होते. ते मेकॅनिककडे बघून म्हणाले, "असेल. वाचून दाबतो, पण इंग्रजी आहे ना सगळं."

मेकॅनिकने मान खाली घालून खोक्याचे स्क्रू काढायला घेतले. मी जे बोलले ते त्याला आवडलं नाही, हे मला कळलं. तंबाखू खाणाऱ्या माणसाने मला वागायचं कसं ते शिकवावं, याची मला चीड आली. त्याने खोक्याचा पत्रा बाजूला केला आणि मी दोन पावलं मागे सरले.

आत धुळीची गोधडी पडली होती. पंख्याच्या पात्यांना काळी साय धरली होती. कोपऱ्यात झुरळाच्या अंड्यांच्या कुप्या, पालीची वाळकी शेपटी, आणि सगळीकडे तांदळाचे दाणे. दर दसऱ्याला अण्णा कॉम्प्युटरची पूजा करतात. जन्मभर पाटी-पुस्तकाची केली, आता याची. वरच्या जाळीवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. कुंकू जाळीतून आत पडून दमटपणाने चिकटलं होतं आणि झेंडूच्या पाकळ्या कुजून काळ्या दोऱ्या झाल्या होत्या. एक बारीक आंबूस वास आला.

"घोडं इथे पेंड खातंय," मी म्हणाले. "अण्णा, बघा. बघा तुमची पूजा."

अण्णा खुर्चीतून उठून वाकून बघू लागले. मेकॅनिकने ब्रशने सगळं झाडलं, अक्षता वेगळ्या करून कागदावर ठेवल्या, आणि मला म्हणाला, "याच्यानं नाय होत मॅडम. धूळ सगळ्यांच्यात असती."

खोकं बंद केलं. पाच शिट्ट्या. तो हात टेकून निघून गेला आणि अण्णांनी त्या अक्षता तुळशीत टाकल्या. त्या वर्षी दसरा येण्याआधीच त्यांनी मला सांगून ठेवलं, यंदा लांबूनच नमस्कार करीन. मी 'बरं होईल' म्हणाले. असली उत्तरं मला तोंडातच तयार असतात.

मेकॅनिक तिसऱ्यांदा आला तो न बोलावता. इकडे एका दवाखान्यात आलो होतो, म्हणाला, तुमचं मशीन डोक्यातून जाईना. त्याने खोकं उघडलं, मशीन चालू केलं आणि या वेळी पडद्याकडे बघितलंच नाही. कान आत लावला. बराच वेळ तसाच वाकून होता. मग त्याने मला बोलावलं.

"ऐका."

मी त्या वासाकडे कान नेला. आतून टिक, टिक, मग एक ओढल्यासारखा आवाज, मग परत टिक. त्याने बटण बंद केलं, एक पातळ वायर उपटली आणि म्हणाला, आता चालू करा. ठिपके आले, दोनदा फिरले आणि गेले. पडदा उजळला. मी मनात पंधरापर्यंतसुद्धा पोचले नव्हते.

"ही जुनी डिस्क," तो म्हणाला. "मरायला टेकलीय. मशीन सुरू होताना सगळ्यांना हाक मारतं, ही ओ देत नाय, मग ते वाट बघत बसतं."

"जुनी आत ठेवलीच कशाला मग?"

"तुम्हीच म्हणाल्या मॅडम. मी काढतच होतो. चालू हाय ना, राहू द्या, आत जागा हाय, असं म्हणाल्या."

म्हणाले असेन. म्हणालेच होते. माझ्या माळ्यावर तीन मिक्सर आहेत, 'चालू आहेत' म्हणून ठेवलेले. पण त्या क्षणी मला काही वाटलं नाही, कारण ठिपके गेले होते. इतके महिने झाले होते, मी अण्णांना जवळजवळ ओढतच आणलं. बसा, म्हटलं, बघा तुमची यादी. ते बसले. माऊस हलवला. चष्मा वर केला, खाली केला.

"ताई, पट दिसत नाही."

"असेल तिथेच. डी मध्ये बघा."

"डी दिसत नाही."

मी पडद्याकडे बघितलं. सी होता, नवाकोरा, रिकामा. त्याच्या शेजारी काही नव्हतं. मग माझी नजर खाली माझ्या चिठ्ठीवर गेली. सर्व डी मध्ये ठेवावे. एसएसडी आली तेव्हा नवी डिस्क सी झाली आणि जुनी, दमलेली डिस्क डी झाली, आणि मी चिठ्ठी बदलली नाही. कारण नियम तो नियम. अण्णा दोन वर्षं रोज सकाळी तो आदेश पाळत त्या मरत्या डिस्कमध्ये एकेक माणूस नेऊन ठेवत होते. वह्या मी रद्दीत दिल्या होत्या. आता यादी फक्त तिथेच होती, मेकॅनिकने वायर उपटलेल्या त्या डबीत. त्याच्या तंबाखूच्या बोटांची, धुळीची, पालीच्या शेपटीची सगळी किळस मला एकदम स्वतःकडे वळलेली जाणवली, आणि ती डेटॉलने जाणारी नव्हती.

"दुकानात बाहेरून लावून बघतो," मेकॅनिक म्हणाला. "निघालं तर निघालं."

मी स्कूटरवरून त्याच्यामागे गेले. अण्णांना तो जिना झेपत नाही, म्हणून ते घरी थांबले. दुकानात त्याने डिस्क आपल्या मशीनला जोडली, तिच्याखाली ओला रुमाल घातला, तापू नये म्हणून, आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "किती वेळ चालंल नाय सांगता येत. पहिलं काय काढायचं ते बोला."

डी मध्ये अण्णांची यादी होती, तसे मुलाचे लहानपणचे सगळे फोटोही होते. पाचवीपर्यंतचे. बारसं, पहिलं पाऊल, शाळेचा पहिला दिवस. दुसरीकडे कुठे ठेवायचं माझं राहूनच गेलं होतं, कारण ते डी मध्ये होते. मी अण्णांना फोन लावला, यादी कोणत्या नावाने ठेवली आहे ते विचारायला.

"पट नावाने आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण आधी पोराचे फोटो काढून घे. माझं काय, मी परत विचारत विचारत जाईन."

कोणाला विचारणार होते? ज्यांनी नंबर दिले त्यातले काही आता गेलेही होते. आणि तरी खरं लिहायचं तर, फोन ठेवल्यावर माझ्या तोंडात आलं होतं, फोटो काढा. 'फो' पर्यंत आलं होतं. माझ्याबद्दल मला किती कमी आदर आहे ते सांगायला एवढं पुरेल.

"पट काढा," मी म्हणाले.

फाईल लहान होती, पण डिस्क तिला सोडत नव्हती. हिरवी पट्टी थोडी सरकायची आणि थांबायची. मेकॅनिक एकदाही तंबाखूला उठला नाही. दोनदा आवाज बंद पडला, दोनदा त्याने डिस्क काढून तळहातावर धरली, थोडा वेळ जाऊ दिला आणि परत लावली. तिसऱ्यांदा पट्टी शेवटपर्यंत गेली. त्याने लगेच फोटो लावले. पंचवीस-तीस आले असतील. मग टिक झालं, एकदाच, आणि त्यानंतर त्या डिस्कने कधीच आवाज केला नाही. बारशाचे आले आहेत. पहिलं पाऊल गेलं.

"यादी उघडून बघा," तो म्हणाला. "नुसतं नाव येतं कधी, आत काय नसतं."

तोवर मी ती यादी एकदाही वाचली नव्हती. शिकवलं मी, चिठ्ठी लावली मी, पण आत काय आहे ते बघायची गरज मला वाटली नव्हती. उघडली. सरळ रकाने आखलेले. नाव, गाव, इयत्ता, नाव कमी केल्याचे कारण, सध्या, बोलणे. कारणांच्या रकान्यात खाली खाली तेच तेच. द्राक्षबाग. ऊसतोड. वीटभट्टी. लग्न. 'सध्या' मध्ये अण्णांच्या हातची ती तोकडी वाक्यं. टेम्पो चालवतो. निफाडला छाटणीच्या टोळीत, दोन मुली शाळेत. ओळखले नाही, परत लावणे. मयत, भावाशी बोललो. आणि शेवटच्या रकान्यात, बोलणे झाले. बोलणे झाले. बोलणे झाले.

मी सगळं नीट उतरलंय ना ते बघायला खाली सरकत गेले. मधेच एका ओळीत माझं नाव होतं. माहेरचं, पूर्ण. इयत्ता तिसरी. कारण, शहरात शिक्षण. सध्या, नाशिक, माझ्याजवळ. बोलणे, बाकी.

मेकॅनिक विचारत होता, आलंय ना सगळं? मी म्हटलं, आलंय.

घरी गेले तर अण्णा दारातच उभे होते. यादी मिळाली म्हटल्यावर त्यांनी फोटोंचं विचारलं. थोडे मिळाले, म्हटलं. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला, आणि साखर नेहमीसारखी जास्त टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी बटण दाबलं. कुकर मी अजून गॅसवर ठेवलाही नव्हता आणि पडदा उजळला होता. टाकीपाशी कोणीतरी साडेसातला येऊन उभं राहणार होतं. मधला अर्धा तास अण्णांना काही काम नव्हतं, मलाही नव्हतं. मॉनिटरखालची चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली. मग स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला.

"तुमच्या पटावर तिसरीतली एक बाकी आहे," मी म्हणाले.

ते पडद्याकडेच बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी परत सांगणार तेवढ्यात ते बोलले.

"तुझं नाव कमी करायला मला पंधरा दिवस लागले. तपासणीला आलेले साहेब रागावले. म्हणाले, मुलगी तिकडे शाळेत जायला लागली, इकडे अजून पटावर कशी? मग शाळेच्या पटावर मारली लाल रेघ. माझ्या वहीत नाही मारली. माझ्या वहीत पेन्सिलने मारली."

"पेन्सिलने का?"

"तू परत आलीस तर खोडता यावी म्हणून."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "हे उतरवताना मी शोधली," कीबोर्डकडे बोट करून ते म्हणाले, "यात पेन्सिल नाही. म्हणून मग बाकी लिहिलं."

मला ती वही बघायची होती. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी सहज म्हणाले, "राहू दे ताई. झुरळं फार झाली होती पेटीत."